साहेबांसाठी झाडलेली गल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता निळी पाटी आहे आणि तिच्यावर पांढरा बाण. बाण बाजाराकडून निघतो, माझ्या दारावरून जातो आणि शाळेच्या रस्त्याला लागतो. सकाळी त्या बाणाच्या दिशेने ऑटो, स्कुट्या, शाळेच्या गाड्या, दुधाचे टेम्पो सगळे धावतात. उलटं कोणी येऊ शकत नाही, मी सोडून. मी पायी उलटा जातो, मुद्दाम मधातून जातो आणि शिव्या खातो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे बापाने हातमागाच्या खड्ड्यात बसवलं, मी अजून तिथेच आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, आता विणकर होतो म्हणा." मी विणकर आहे असंच लिहीन. सुती लुगडं विणतो. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांना अजून तेच लुगडं लागतं. दुसरं अंगाला टोचतं म्हणतात.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावर जे उभे धागे चढतात त्याला ताणा म्हणतात. तो चढवायच्या आधी त्याला भाताची पेज पाजावी लागते, नाहीतर विणताना धागा तटातट तुटतो. ही पाजणी घरात होत नाही. ताणा लांब, त्याला गल्लीच लागते. गल्लीच्या दोन्ही टोकांना भिंतीला लागून दगडी खुंटे होते, माझ्या आज्याच्या वेळचे. त्यांना दोर बांधून ताणा ओढायचा, खाली बांबूच्या घोड्या लावायच्या, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी लांब कुंचा धरून पेज लावत, विंचरत चालायचं. धागे वाळेपर्यंत थांबता येत नाही. थांबलात तर सगळे एकमेकांना चिकटून दोर होतो.

कुंच्याचं दुसरं टोक लग्न झाल्यापासून बायकोच्या हातात. शेजारी म्हणायचे, या दोघांचं भांडण असलं की पाजणी झकास होते. खरं होतं ते. बोलणं बंद असलं की पावलं बरोबर पडत.

आणि ही गल्ली कशी, तर दोन्ही बाजूंनी घरं, वर कडुनिंबाची सावली, वारा अडलेला. पाजणी चालू असली की सायकलवाला खाली उतरायचा, एका हाताने ताणा अलगद वर धरायचा, वाकून पलीकडे निघायचा. दूधवाला तसाच, पोस्टमन तसाच. एकदा नवरदेवसुद्धा बाशिंग सांभाळत खालून गेला. शिट्टी वाजवायला कोणी लागत नव्हतं.

मोठ्या रस्त्याचे हाल मात्र वाईट होते, ते मी नाकारत नाही. लाखनीकडचे ट्रक, मोहाडीकडून येणाऱ्या बसा, मधात भाजीचे ठेले आणि त्यात शाळेची वेळ. पोट्टे ऑटोत बसून घामाने निथळायचे. माझा पोरगा ऑटोच चालवतो. तो घरी येऊन डोकं धरून बसायचा. शहराच्या रस्त्यांची नवीन आखणी करायची, कोणता रस्ता एकेरी, कुठे गाड्या वळवायच्या, हे ठरवायला साहेब लोक गल्ल्या पाहत फिरत आहेत, असं कानावर आलं.

एक दिवस कोपऱ्यावरचा पानठेलेवाला धावत आला.

"काकाजी, उद्या आपल्या गल्लीत साहेब लोक येऊन राहिले. पाहाले."

"काय पाहाले?"

"गल्ली पाहाले! आजपर्यंत कोनी आलं का आपल्याकडे? मेंबरसुद्धा मतापुरता येते."

दुसऱ्या दिवशी माझी पाजणी ठरली होती. धागे मोजून, वळून तयार होते. संध्याकाळी बायको म्हणाली, "अजी, उद्या पाजणी नोका करू."

"काहून?"

"पाव्हणे येऊन राहिले नं. पाव्हण्यासमोर पसारा बरा दिसते का? काय म्हणतीन ते, पेजीचे शितोडे, बांबू, सगळं रस्त्यात."

मला ते पटलं. गल्लीतल्या सगळ्यांनाच पटलं. आमच्याकडे कोणी येणार म्हटलं की आधी हातातलं काम उचलून आत ठेवायचं, मग दार उघडायचं. घोड्या अंगणात गेल्या, दोर गुंडाळले. सकाळी बायांनी सडा घातला, रांगोळ्या काढल्या. शेजारच्या बाईने खुंट्यावर तुळशीची कुंडी ठेवली, शोभा आली. मी धुतलेला सदरा घातला आणि खुर्च्या मांडल्या.

साहेब आले. एक जाडे साहेब, एक तरुण मॅडम, दोघं फीत धरणारे, एक वाहतुकीचा हवालदार. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत फीत धरली. जाडे साहेब खूश झाले.

"वा! बाजाराच्या इतक्या जवळ अशी गल्ली आहे हे माहीतच नव्हतं. सकाळी नेहमी अशीच मोकळी असते का?"

मी छाती काढून सांगितलं, "साहेब, सकाळच्या पारी इथं एक गाडी दिसनार नाई तुम्हाले."

ते खोटं नव्हतं. गाडी नसायची, कारण ताणा असायचा. काहून नसते, हे त्यांनी विचारलं नाही. मॅडमने मला तुळशीच्या कुंडीजवळ उभं करून माझा फोटो काढला. सगळ्यांनी चहा घेतला. ते गेल्यावर गल्लीत दिवाळीसारखं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात जेसीबी आला. त्याने बाजाराकडचा खुंटा एका दणक्यात उपटला आणि नालीच्या कडेला टाकला. दुसरा खुंटा भिंतीत अर्धा रुतलेला म्हणून वाचला. डांबर पडलं, पांढरे पट्टे पडले आणि एका सकाळी ही पाटी उभी राहिली. शाळेच्या आणि कचेरीच्या वेळेत मोठ्या रस्त्याची वाहनं आमच्या गल्लीतून वळवली होती.

मी साहेबांच्या कचेरीत गेलो. तीच मॅडम होती. उभं नाही ठेवलं तिने, खुर्ची दिली.

"मॅडम, तो बाण काढा."

"आजोबा, तो असा काढता येत नाही. काय अडचण आहे?"

मी पाजणी सांगितली. ती ऐकत होती. मग तिने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. त्यात मीच होतो. झाडलेली गल्ली, रांगोळी, धुतलेला सदरा, कंबरेवर हात.

"हे तुम्हीच ना? इथे काहीच दिसत नाही."

"ते तुमच्यासाठी झाडलं होतं."

"म्हणजे?"

"पाव्हणे येऊन राहिले म्हनून काम आत ठेवलं. रोज तशी नसते गल्ली."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"घरी आलेल्या पाव्हण्याले कोनी आपलं रडगाणं सांगते का?"

तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, गाड्या सुरू व्हायच्या आधी अंधारात नाही का करता येणार? मी सांगितलं, अंधारात तुटलेला धागा दिसत नाही आणि दव असलं की पेज वाळत नाही. मैदानात? मैदानात वारा धाग्यांचा गुंता करतो आणि उघडं ऊन कुंचा पोचायच्या आधी पेज कडक करतं. दुपारी? दुपारी तेच ऊन गल्लीत उतरतं. ती विचारत गेली, मी सांगत गेलो. शेवटी म्हणाली, "पावसाळा संपला की नवीन व्यवस्था कशी चालली आहे ते बघायला आम्ही पुन्हा येणार आहोत. त्या वेळी गल्लीत जे दिसेल ते मी लिहीन. एवढंच माझ्या हातात आहे."

एवढं मला पुरे होतं. पावसाळ्यात तशीही पाजणी होत नाही. मी वाट पाहायचं ठरवलं.

घरात मात्र रोज खटके उडत. पोराचा ऑटो आता याच गल्लीतून भरभर निघत होता.

"बाबा, तुमच्या एका लुगड्यापायी अर्धं शहर अटकवायचं का?"

"ऑटो घेतला तवा कोनाच्या लुगड्यावर घेतला?"

"मी ते नाई म्हणत. पन आता मिलचे बीम भेटते, पाजलेला ताणा गुंडाळलेले. आना अन् बसवा. बाकीच्यायनं आनलेच नं?"

"बाकीच्यायनं माग पन इकले."

बायको दोघांच्या ताटात भात वाढायची आणि कोणाची बाजू घ्यायची नाही.

माग तेव्हापासून रिकामा होता. अगदी रिकामा नाही. जुना ताणा संपत आला की आम्ही तो पुरता काढत नाही. फणीतून ओवलेल्या धाग्यांची टोकं तशीच लोंबती ठेवतो. नवीन ताणा आला की एकेक नवा धागा त्या जुन्या टोकाला सांधायचा आणि पुढे ओढायचा. असं माझ्या बापाने केलं, त्याच्या बापाने केलं. म्हणजे या मागावरचा ताणा कधी पुरता तुटलाच नाही, टोकाला टोक जोडत आला आहे. पावसाळाभर मी ती टोकं दमट फडक्याने पुसत होतो, कडक पडू नयेत म्हणून.

पावसाळा सरला. पानठेलेवाल्याने खबर आणली, साहेब लोक येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता येणार. मी घरात सांगून टाकलं, या वेळी गल्ली झाडायची नाही. या वेळी ते येतील तेव्हा ताणा गल्लीत असेल, ओला, आणि आम्ही दोघं कुंचा घेऊन चालत असू. पाहू देत त्यांना.

बायको म्हणाली, "पुलिस धरतीन."

"धरू दे."

उजाडल्याबरोबर ताणा ओढला. एक टोक वाचलेल्या खुंट्याला, दुसरं कडुनिंबाला. मी पाटीखालीच घोडी लावली. पेज लावून सुरुवात केली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बायकोचं पाऊल माझ्या पावलाला लागलं. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला पहिला हॉर्न वाजला.

स्कुटीवाले आधी आले. जुन्या दोघा-तिघांनी गाडी भिंतीला लावली, हसले, वाकून पायी पलीकडे गेले. मग ऑटो आले. ऑटोला वाकता येत नाही. मग शाळेची गाडी. एकामागे एक रांग लागली आणि सगळे एकदम बोलू लागले.

"बुढ्याले याड लागलं का?"

"अजी, रस्ता का तुमच्या बापाचा आहे?"

"आज्याचा आहे," मी म्हटलं, "बापाच्या आधीचा." कोणीतरी हसलं. बाकीचे आणखी तापले.

हवालदार शिट्टी वाजवत आला. पहिल्या पाहणीला हाच होता, माझ्या हातचा चहा प्यायलेला.

"काकाजी, उचला. मले वरून फोन येऊन राहिला."

"वरच्यायलेच तर बलावलं आहे. येऊ दे. नऊ वाजता येनार होते नं?"

"त्यायची गाडी मोठ्या रस्त्यावर अटकली आहे."

"कायनं?"

"इथून निघनाऱ्या गाड्या तिकडे साचल्या जी. कायनं म्हणता!"

म्हणजे साहेबांना मीच अडकवलं होतं. पण हात थांबवता येत नव्हते. पेज ओली होती. आता उचललं तर ताणा गेलाच.

रांगेत पुढे माझ्या पोराचा ऑटो होता. तो उतरून आला. मान खाली घालून, दात आवळून बोलला, "बाबा, माह्या ऑटोत पोट्टे आहेत. पेपर आहे त्यायचा."

मी पोट्ट्यांना हाक मारली, "उतरा रे! खालून निघा. तुमचा हा ऑटोवाला असाच गेला शाळेत."

ते खी खी करत उतरले, दप्तरं डोक्यावर घेऊन ताण्याखालून वाकून पळाले. एकीच्या वेणीला पेज लागली. पोरगा त्यांच्याकडे पाहत होता. मग त्याने आईकडे पाहिलं. तिचा खांदा दुखत होता, कुंचा खाली झुकत होता. त्याने तिच्या हातून कुंचा घेतला.

"चाला लवकर," तो मला म्हणाला. "वाळली की उचलू. किती राहिलं?"

त्याला सगळं येत होतं. लहानपणी शिकलेलं हातातून जात नाही. त्याचे ऑटोवाले दोस्त मागून ओरडत होते, "अबे, तू पन?" आणि तो माझ्या पावलाला पाऊल मिळवत चालत होता. मला वाटलं, जमलं. आणखी थोडा वेळ, उन्हाची तिरीप कडुनिंबातून खाली येईपर्यंत, आणि तोवर साहेब पण पोचतील.

इतक्यात एक कॉलेजचा पोरगा मोटरसायकलवर बसूनच खाली वाकला आणि घातली त्याने गाडी ताण्याखालून. डोकं निघालं. आरसा अडकला. तो घाबरला आणि थांबायच्या ऐवजी त्याने गाडी जोरात पळवली.

आवाज मोठा झाला नाही. ओला धागा आवाज करून तुटत नाही. घोड्या एकामागे एक आडव्या झाल्या, कडुनिंबाकडचा दोर सुटला आणि सगळा ताणा त्याच्या मागे ओढत गेला, चाकात गुंडाळत. पुढे गाडी आपोआप बंद पडली. तो कॉलेजवाला उतरला, "सॉरी काकाजी, सॉरी काकाजी" म्हणत चाकातले धागे ओढू लागला. ओढल्याने आणखी तुटत होते.

"हात नोको लावू," मी म्हटलं.

गाड्या सुटल्या. तुटलेल्या धाग्यांवरून गेल्या. हवालदाराने हात हलवून हलवून त्या काढल्या, रांग ओसरली. माझा पोरगा आणि मी मिळेल तेवढं गोळा करून भिंतीशी ठेवलं. तो बोळा झाला होता, भाताच्या लगद्यासारखा. पोरगा म्हणाला, "मी परत येतो," आणि ऑटो घेऊन गेला.

मी ओट्यावर बसलो. खाली पाहिलं तर बायको झाडू घेऊन गल्ली झाडत होती. पेज, तुटके धागे, कडुनिंबाचा पाला, सगळं.

"काय करून राहिली?"

"साहेब येतीन नं."

"ठेव तो झाडू! तसंच दिसू दे त्यायले."

"असं?" तिने चिखल झालेल्या रस्त्याकडे हात केला. "असं दाखवता पाव्हण्याले?"

पाटीखाली पेजीचे फराटे पडले होते, कुत्रं येऊन ते चाटत होतं, आणि साहेब आपल्या गल्लीत येऊन हे पाहणार. मी उठलो. बादली भरून आणली आणि पाणी मारलं. मग आत जाऊन खुर्च्या आणल्या. का आणल्या ते मला आजही विचारू नका. हात गेले आणि त्यांनी आणल्या.

साहेब अकराला आले. गल्ली ओली, स्वच्छ होती, गाड्या सुरसुर जात होत्या. जाडे साहेब म्हणाले, "छान वाहते आहे वाहतूक. सकाळी काही कोंडी झाली होती म्हणे?"

हवालदार म्हणाला, "हो सर. गल्ली बंद पडली अन् पुरा बाजार अटकला."

"बघा," साहेब मॅडमला म्हणाले, "म्हणजे ही गल्ली किती गरजेची आहे."

मॅडम माझ्याकडे आली. मी भिंतीजवळचा बोळा दाखवला. "हा ताणा होता."

तिने वाकून हात लावला. बोटांना पेज चिकटली. "आजोबा, हा मी आल्यावर रस्त्यात असता तर..." मी तिला आत नेलं. मागाच्या खड्ड्यात दिवसाही अंधार असतो, तिला दिसायला वेळ लागला. फणीतून लोंबणारी टोकं मी हातावर घेऊन दाखवली.

"ही कशासाठी?"

"नवा ताणा सांधाले."

"कधी येणार नवा?"

बाहेर हॉर्न वाजत होता. साहेब तिला हाक मारत होते. ती बायकोने दिलेला चहाचा कप ओट्यावर ठेवून गेली. चहा अर्धा होता.

पाटी तशीच आहे. त्या दिवसापासून पोरगा माझ्यासमोर बीमचं नाव काढत नाही. उपटलेला खुंटा त्याने ऑटोत घालून आणून दाराशी ठेवला. बायको त्याच्यावर बसून तांदूळ निवडते.

परवा ती म्हणाली, "अजी, ते मागावरचे टोकं कापून टाका आता. उंदरं लागले त्याले."

मी फडकं ओलं केलं आणि मागाच्या खड्ड्यात उतरलो. बरीच टोकं कुरतडलेली होती. उरलेली पुसली. बाहेर शाळेची वेळ झाली होती, गाड्यांमुळे भिंत हलत होती आणि हातातले धागे पण हलत होते.